यंदाचं वाण

केटलचा खटका पडला, एवढंच. पण इतका वेळ घरात काहीच वाजलं नव्हतं, त्यामुळे कुणीतरी कानापाशी कडकन बोट मोडावं तसा तो वाजला. विनया होती तिथंच थबकली. आतल्या खोलीत नील हलला, एकदा कण्हला, झोपेतच ओठ चोखल्यासारखा आवाज केला आणि पुन्हा गप्प झाला. तिनं श्वास सोडला. पाणी उकळलं होतं, पण चहा करायचा म्हणजे खुर्ची सरकवायची, कपाट उघडायचं, चमचा वाजवायचा. नकोच ते. निवू दे. सकाळपासून हे पाणी असंच उकळत होतं आणि असंच निवत होतं. बाहेर ऑगस्टचा बारीक पाऊस, त्यापलीकडे मानुकाऊच्या खाडीवर ओहोटी लागलेली, गढूळ, चिखल उघडा पडलेला. हिल्सबरोच्या या घराच्या खिडकीतून पाणी दिसतं म्हणून श्रीनाथनं हौसेनं घर घेतलं होतं. दिवसातून निम्मा वेळ पाणी नसतंच, चिखल असतो, हे घर बघायला आले तेव्हा भरती होती म्हणून कळलं नव्हतं.

समोर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर काही नव्हतं. सकाळी निरोप आला होता. आज दुपारी शाळा सुटल्यावर माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये आरोग्यखात्याच्या समितीची बैठक. बायकांसाठी महिन्यातून एकदा भरणारं त्यांचं आरोग्यसत्र बंद करायचं की चालू ठेवायचं, यावर विनयानं आणि मंडळ चालवणाऱ्या लीलाताईंनी बोलायचं होतं. हे सगळं ठरलेलंच. निरोपात नवं एवढंच होतं, की आकडे आमच्याकडे आहेत, शक्य झाल्यास एखादी खरी गोष्ट घेऊन या. एक व्यक्ती. गोष्ट माणसांच्या मनाला हात घालते, असं समितीच्या अध्यक्षबाईंनी गोड शब्दांत लिहिलं होतं. विनयानं ते वाचलं तेव्हा नील मांडीवर होता आणि तिला एकदम कपाळाच्या आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. कारण गोष्ट होती. गोष्ट शेजारच्या युनिटमध्ये राहत होती. या क्षणी ती हॉस्पिटलात रेडिएशनच्या मशीनखाली आडवी असेल, हात छातीवर, डोळे मिटलेले, आणि बाहेर तिचा मुलगा चंद्रहास ऑफिसचे फोन घेत येरझाऱ्या घालत असेल.

सुलभाकाकू. चंद्रहासची आई. नवरा गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून त्या इकडे आल्या, मुलाकडे, कायमच्या. एकाच ड्राइव्हवेवर दोन युनिटं, मध्ये कपडे वाळत घालायची एक गोल फिरणारी छत्री, दोघींची मिळून. काकूंची ओळख त्या छत्रीखाली झाली. "तुझ्या बाजूला ऊन जास्त येतं गं, मी माझे रुमाल तिकडे लावले तर चालेल ना?" असं विचारून त्यांनी पहिल्याच दिवशी विनयाच्या आयुष्यात आपले रुमाल लावले. गेल्या नोव्हेंबरात नील झाला तेव्हा विनयाच्या आईला व्हिसा मिळाला नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि श्रीनाथ आठवड्यातले चार दिवस ख्राइस्टचर्चच्या साइटवर. दारात सुलभाकाकू उभ्या. हातात तेलाची बाटली आणि जुनं मऊ लुगडं. "आडवी हो. लाजू नकोस, मला दोन सुनांची सवय आहे, एक माझी आणि एक जावेची." त्यांचे हात. विनया अजून ते हात पाठीवर आठवू शकते, कोमट, खरखरीत, कुठे दाबायचं ते आपोआप कळणारे. रोज सकाळी त्या तिच्या पोटावर लुगड्याची पट्टी आवळून बांधायच्या आणि गाठ मारताना दातांत जीभ धरायच्या, लहान मुलासारखी. बाळंतपणानंतर आपलं शरीर हे कुणीतरी वापरून ठेवून दिलेल्या पिशवीसारखं वाटत होतं; त्या पिशवीच्या सुरकुत्या काकू हातानं सरळ करत होत्या. त्या वेळी, अगदी त्याच वेळी, काकूंना स्वतःला रक्त जात होतं का? थोडं थोडं? त्या म्हणाल्या, संक्रांतीच्या आधीपासून. आधी म्हणजे किती आधी, हे विनयानं विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

फोन थरथरला. श्रीनाथ. ती कुजबुजत बोलली.

"झोपलाय?"

"हं. हळू बोल."

"मी बोलतोय ख्राइस्टचर्चहून, तो जागा व्हायचा नाही." मग तिला हसू आलं नाही हे त्याला कळलं असावं. "लिहिलंस?"

"काय लिहू? त्यांना गोष्ट हवीय."

"मग काकूंची सांग. त्यांनी हो म्हटलंय ना?"

"म्हटलंय."

"मग झालं तर. विनी, तू फार विचार करतेस. जे झालं ते सांग, आणि जा घरी."

जे झालं ते सांग. ती फोन ठेवून त्या वाक्याकडे बघत बसली. काकूंनी हो म्हटलं होतं हे खरं. परवाच, अंथरुणावर उशीला टेकून, पेज पीत. "सांग की. माझ्या मेल्या दुखण्याचा कुणाला उपयोग होत असेल तर होऊ दे. नाव तेवढं घेऊ नकोस, चंद्रहासला ओशाळं होतं. बाईचं असलं काही म्हटलं की तो खिडकीबाहेर बघायला लागतो." मग थांबून, पेजेत चमचा फिरवत, "आणि लीलाला वाईट वाटेल असं काही बोलू नकोस हं. तिनं पुष्कळ केलंय सगळ्यांसाठी." एवढंच. बाकी काही नाही. विनयाला वाटलं होतं की काकू त्या दिवसाचं काहीतरी बोलतील. ती वाट बघत होती. खरं तर काकूंनी बोलावं, चिडावं, निदान एक टोमणा मारावा, म्हणजे आपण सुटू असं तिला वाटत होतं. काकूंनी पेज संपवली आणि नीलला आणायला सांगितलं. "जवळ देऊ नकोस, नुसता दाखव."

तो दिवस जानेवारीतला. कडक उन्हाळा, रस्त्यावर टार मऊ झालेलं. लीलाताईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. लीलाताई या गोतावळ्यातल्या सगळ्यात जुन्या. विद्यार्थी म्हणून आल्या आणि इथंच मुरल्या, आता नोकरी सांभाळून बायकांचं मंडळ चालवतात. कल्पना त्यांचीच होती आणि कल्पना खरोखर चांगली होती, हे विनया आजही कुणापुढेही छातीठोकपणे सांगेल. आरोग्यसत्राला बायका येत नव्हत्या. पोस्टर लावलं, फोन केले, तरी नाही. "अगं पण हळदीकुंकवाला येतात ना!" लीलाताई म्हणाल्या. "नवरे नसतात, घाई नसते, साड्या दाखवायच्या असतात. पाऊस पडो की पूर येवो, येतात. मग नर्सला तिथंच बोलावू. आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाही लुटायचे यंदा. ती काडी लुटायची." काडी म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करायचा स्वॅब, आता आपला आपण घेता येतो, टेबलावर आडवं पडायला नको, कुणी बघायला नको. बाथरूममध्ये जायचं, काडी फिरवायची, नळीत घालून नर्सकडे द्यायची. त्या काडीबरोबर कापडाच्या छोट्या पिशवीत तिळगूळ, एक स्टीलची वाटी, आणि मराठीत छापलेलं एक पान. विनयानंच त्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या. दहा आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन ती पिशव्यांत वाट्या भरत होती आणि तिला फार दिवसांनी आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं.

कोण, किती, हे ठरवायला मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात मंडळातल्या प्राचीनं विचारलं, सुलभाकाकूंना बोलवायचं ना? मग लीलाताईंचा फोन आला, लिहिलं नाही, फोन केला. "विने, मला स्वतःला काही नाही गं. माझ्या आईनं तर हे असलं सगळं पाळणं सोडून दिलं होतं. पण ग्रुपमध्ये दोघीतिघी आहेत, त्यांच्या सासवा आल्यात इंडियातून, त्या बघतील. कुंकू लावायची वेळ आली की काकूंनाच अवघडल्यासारखं होईल. चारचौघींत कशाला त्यांना तसं? त्यापेक्षा असं करू, मुलं असतील ना हीप्स, ढीगभर, त्यांना कुणीतरी हवंच मागच्या खोलीत. काकूंना मुलांची आवड आहे. म्हणजे त्या आल्यासारखंही होईल आणि त्यांना एकटंही वाटणार नाही." किती नीट बोलल्या होत्या त्या. एकेक शब्द काळजीचा. विनया हो म्हणाली. विचारायला तीच गेली, छत्रीखाली, काकू टॉवेल झटकत होत्या. "हो, चालेल की," काकू म्हणाल्या, जराही न थांबता. इतकं न थांबता, की उत्तर त्यांच्याकडे बरीच वर्षं तयार असावं.

मागची खोली. जमिनीवर गादी, टीव्हीवर कार्टून, काकू मध्ये बसलेल्या, भोवती पोरं, मांडीवर नील. पुढच्या खोलीत काठापदराच्या साड्या आणि दाराबाहेर जँडल्सचा, रबरी चपलांचा, ढीग. अत्तर, घाम, तिळाचा वास. मनुरेवाहून आलेली नर्स, सेला, टोंगाची, धिप्पाड, हसरी. तिच्या कपाळावर लीलाताईंनी हळदकुंकू लावलं आणि ती आरशात बघून म्हणाली, मला शोभतंय. सगळ्या हसल्या. सेलानं काडी हातात धरून दाखवली, प्राची भाषांतर करत होती आणि मध्येच लाजून थांबत होती. "अगं सांग की पुढे, सगळ्यांना मुलं झालीयत," कुणीतरी ओरडलं. "उखाणा घेऊनच जायचं बाथरूममध्ये!" दुसरी. बाथरूमपुढे रांग लागली. पैठणीतल्या बायका काडी पदराआड धरून रांगेत उभ्या, एकमेकींना कोपरानं ढोसत. कधी नव्हे इतक्या तपासण्या एका दुपारी झाल्या. सेलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मग ती जरा गंभीर होऊन म्हणाली, पाळी बंद झाल्यावर कधीही, एकदा जरी रक्त दिसलं, तर थांबायचं नाही, माझ्याकडे यायचं. प्राचीनं ते मराठीत मोठ्यानं सांगितलं. खणखणीत.

दार लोटलेलं होतं.

हे विनया कितीदा तरी डोळ्यांपुढे आणते. मुलांचा गोंगाट फार होता म्हणून कुणीतरी मधलं दार लोटलं. कोणी? तिला दाराची मूठ हाताला लागल्यासारखी आठवते, पितळी, जराशी सैल. पण त्या घरी ती इतक्यांदा गेली आहे की मुठीची आठवण कुठल्याही दिवसाची असू शकते. दार उघडं असतं तरी कार्टूनच्या आवाजात काकूंना ऐकू गेलंच असतं असं नाही. ऐकू गेलं असतं तरी त्या उठून आल्या असत्याच असं नाही. ती नंतर बशी घेऊन आत गेली होती, तिळगूळ, गुळाची पोळी, वर तुपाचा गोळा. "घ्या काकू." "अगं किती गं! आणि हसताय काय एवढ्या? कसली मजा चाललीय?" "काही नाही, नर्सबाई आल्यात, त्यांचं चाललंय." काही नाही, असं ती म्हणाली होती. पिशवी द्यायचं तिच्या मनात आलं होतं हेही खरं. पण पिशवी हे वाण होतं. वाण कुंकवाबरोबर जातं. नुसती काडी कशी द्यायची, आणि वाण तर कसं द्यायचं? शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या, इथल्या बँकेत नि हॉस्पिटलांत काम करणाऱ्या इतक्या बायका, आणि कॅन्सरच्या तपासणीचं एक साधन त्यांनी अशा पिशवीत घातलं की ते फक्त नवरा जिवंत असलेल्या बाईलाच देता यावं. तेव्हा हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कशी गंमत झाली, नाही? तिनं एकदा प्राचीला असं म्हणून बघितलं होतं. प्राची म्हणाली, नको ना बोलूस, मला झोप येत नाही.

नील उठला. रडत नव्हता, नुसता हातांशी बोलत होता. विनयानं त्याला घेतलं, पाजायला बसली, आणि एका हातानं लिहायला लागली. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, तेही खरंच होतं. कारण फक्त त्या दुपारचीच गोष्ट नव्हती. फेब्रुवारीत काकू डॉक्टरकडे गेल्या होत्या, चंद्रहास घेऊन गेला होता. तिथं दुभाषी हवा म्हणून डॉक्टरांनी फोनवर एक दुभाषी लावला. मराठी नव्हता, हिंदी होता, आणि पुरुष होता. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, बोलिए माताजी, क्या तकलीफ है? बाहेर मुलगा, फोनमध्ये परका पुरुष, समोर तिशीतला गोरा डॉक्टर. काकू म्हणाल्या, कमर दुखती है. त्यांना कंबरदुखीच्या गोळ्या मिळाल्या. आता समिती म्हणते, सत्राची गरज काय, फोनवर दुभाषी मिळतो की सगळीकडे, चोवीस तास. हे सांगायचं होतं. हे ओरडून सांगायचं होतं. विनयानं ते लिहिलं आणि ते लिहिताना तिला बरं वाटलं, कारण यात चूक दुसऱ्या कुणाची तरी होती, यंत्रणेची, फोनची, लांबच्या ऑफिसातल्या माणसांची. मग तिनं मे महिन्यातली ती सकाळ लिहिली. काकू नीलला उचलायला वाकल्या आणि तशाच पायरीवर बसल्या, पातळाला हात लावून. "या वयात परत सुरू झालंय बघ माझं. देवाची पण थट्टाच," असं हसत म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि विनयाच्या कानात प्राचीचा तो खणखणीत आवाज वाजत होता. काकूंना हे ज्यांनी कुणी सांगायला हवं होतं त्यांनी ते शेजारच्याच खोलीत सांगितलं होतं. हे मात्र तिनं लिहिलं नाही. लिहून खोडलं. परत लिहिलं. नीलनं दूध सोडून मान वर केली आणि तिच्याकडे बघून हसला, सगळं कळल्यासारखा, काहीच न कळता.

लिहिलं तर काय होईल? समितीला आयतंच सापडेल. ते म्हणतील, तुमच्या प्रथा आड येतात, मग सत्र चालवून तरी काय उपयोग? आणि लीलाताई? त्या शेजारी बसलेल्या असतील. आणि सेला, जिनं कपाळावर कुंकू मिरवलं, तिला कळेल की ते सगळ्या बायकांसाठी नव्हतं. सत्र बंद झालं तर मग पुढची काकू कुठे जाणार? माताजी म्हणणाऱ्या फोनकडे? हे सगळे मुद्दे बरोबर होते. विनया थकली होती आणि थकलेल्या माणसाला बरोबर मुद्दे फार चटकन सापडतात.

शाळेतून लेकीला, ऋचाला, घेतलं. एरवी काकूच घ्यायच्या तिला, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, त्या छोट्या दुकानातून, एखादं चॉकलेट देऊन, रमतगमत आणायच्या. आता ती सोय नव्हती, त्यामुळे दोन्ही पोरं बैठकीला. "मी काय करू तिथे?" ऋचानं इंग्रजीत विचारलं. चित्र काढ, विनया मराठीत म्हणाली. त्या दोघींचं असंच चालायचं, ती मराठीत, लेक इंग्रजीत. मोठ्यांचं काही बोलायचं असलं की विनया आणि श्रीनाथ भरभर मराठीत बोलत. लहानसहान मराठी ऋचाला कळायची, पण असलं भरभर बोलणं तिच्या कानांवरून निघून जायचं, आणि घरात तेवढाच एक आडोसा होता.

हॉलमध्ये ओल्या कार्पेटचा वास, कडेला चहाचा मोठा बंब, बिस्किटं. समोर टेबलामागे समितीतली तीन माणसं. मधल्या अध्यक्षबाई, पांढरे आखूड केस, गळ्यात हिरवा दगड. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला आणि नीलकडे बघून त्या एकदम विरघळल्या. लीलाताई फॉर्मल जॅकेटमध्ये, ओठ घट्ट. त्यांनी टेबलाखालून विनयाचा हात दाबला. "बोल तू," त्या पुटपुटल्या. "माझा घसा गेलाय." ऋचा पायांशी कार्पेटवर पोटावर पालथी पडली, कागद पुढ्यात घेऊन.

विनया बोलली. नीलला खांद्यावर थोपटत, पाय एकसारखा हलवत. तेलाची बाटली सांगितली, लुगड्याची पट्टी सांगितली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाली, नाव घेतलं नाही. फोनवरचा आवाज सांगितला. पायरी सांगितली. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू येत होता, बरा होता, नेमका होता, आणि कडेच्या तरुण माणसानं लिहिणं थांबवून तिच्याकडे बघायला सुरुवात केली तेव्हा तिला कळलं की गोष्ट लागली. तिला त्याची किंचित शरम वाटली. हळदीकुंकवाची ती दुपारही तिनं सांगितली, कारण आकडे त्याच दुपारचे होते, ते टाळून कसं चालेल. रांग सांगितली. अध्यक्षबाई हसल्या. वा, म्हणाल्या, हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचून केलं नसतं.

मग त्या तरुण माणसानं विचारलं. अगदी सरळ मनानं, पेन हातात तसंच धरून. म्हणजे तुमच्या शेजारीच राहत होत्या ना या बाई? आणि तुम्ही इतक्या जवळच्या. मग त्या दिवशी त्या का आल्या नाहीत?

पाय हलायचा थांबला. नीलनं कुरकुर केली. लीलाताई समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कानाची पाळी हळूहळू लाल होत गेली, ते विनयाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. तिला वाटलं आता लीलाताईच बोलतील, त्यांना तेवढं धाडस आहे. मग तिला काकूंचा पेजेत फिरणारा चमचा दिसला. मग काहीच दिसलं नाही, नुसतं दमल्यासारखं झालं, आतून, हाडांतून, असं की इथंच या ओल्या कार्पेटवर लेकीशेजारी पालथं पडून राहावं.

"त्यांच्याकडे मुलं होती सांभाळायला," ती इंग्रजीत म्हणाली.

खोटं नव्हतं. एक शब्दही खोटा नव्हता. टेबलामागे तिन्ही माना एकदम हलल्या, समजुतीनं, ओळखीनं. कडेच्या माणसानं ते लिहून घेतलं. अध्यक्षबाई पुढे वाकल्या. हेच, म्हणाल्या, नेहमी हेच असतं. बायका दुसऱ्यांची मुलं सांभाळतात आणि स्वतः राहून जातात. मग त्यांनी शेजारच्यांशी काहीतरी हलक्या आवाजात बोलून घेतलं. निर्णय आज जाहीर करता येत नाही, पण मी एवढं सांगते, ही अडचण आम्हाला दूर करता येण्यासारखी आहे. सत्राच्या वेळी मुलं सांभाळायला एक माणूस द्यायचा. तेवढं असलं तर सत्र बंद करायचं कारण मला तरी दिसत नाही. लीलाताईंनी डोळे मिटून घेतले. थँक्यू, थँक्यू सो मच, त्या म्हणाल्या, आणि त्यांचा घसा खरंच गेलेला होता.

बाहेर पाऊस थांबला होता. लीलाताईंनी गाडीपाशी विनयाला मिठी मारली, नीलसकट. "जिंकलो गं विने! काय बोललीस!" मग मिठी सुटली नाही. केसांत तोंड खुपसून त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं ना गं?"

"लीलाताई, राहू दे ना आता. दमलेय मी."

"जाऊन येईन मी काकूंकडे. उद्या. काहीतरी घेऊन." त्यांनी डोळे पुसले, जॅकेट खाली ओढलं आणि आपल्या गाडीकडे गेल्या. जाता जाता वळून ऋचाला हात केला. ऋचानं केला नाही.

विनयानं नीलला सीटमध्ये बसवलं. पट्टा अडकत नव्हता. सत्र वाचलं होतं. पुढच्या महिन्यात सेला येईल, टेबल मांडेल, आणि मागच्या खोलीत पगारी माणूस मुलांना सांभाळेल. कुणालाही बाहेर राहावं लागणार नाही. हे चांगलं होतं. हे काकूंना सांगायचं होतं, आजच, जाऊन, त्या नक्की म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? तिनं स्वतःशी ते वाक्य काकूंच्या आवाजात म्हणून बघितलं. जमलं. पट्टा अडकला. ती सरळ झाली तेव्हा ऋचा पलीकडच्या सीटवर नुसती बसलेली होती, पट्टा न लावता, बिस्किटाचा चुरा फ्रॉकवर, कपाळाला आठी. आज सगळं इंग्रजीत झालं होतं. तिच्या भाषेत. विनयाच्या हे आत्ता, दाराला हात लावून उभी असताना लक्षात आलं.

"आई, दॅट वॉज सुलभाआजी, राइट?"

"पट्टा लाव, ऋचू."

"तू त्यांना सांगितलं शी कुडन्ट कम." ऋचा कधी नव्हे ते मराठी शोधत होती, एकेक शब्द उचलून लावत होती. "पण आजी आली होती. ती आमच्याबरोबर होती, रूममध्ये. आणि मी म्हटलं, आजी, तू पण जा ना पार्टीला, तर ती म्हणाली मला नाही जायचं असतं." तिनं आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, काही नव्हतं, नुसतं समजून घ्यायचं होतं. "का नाही जायचं असतं, आई?"